धुक्यात गाडी चालवताना: कोल्हापूरच्या रस्त्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

डिसेंबरातली पहाट होती. पिकअपमध्ये दुधाचे कॅन भरून मी कळ्याहून कोल्हापूरकडे निघालो होतो. बालिंग्याच्या पुलाजवळ आलो की भोगावतीवरचं धुकं अंगावर येतं, हे वर्षानुवर्षांच्या सवयीने ठाऊक होतं, म्हणून गाडी चाळीसवर आणली होती. तेवढ्यात समोर हवेतच पांढऱ्या गोल टिकल्या दिसल्या. एक नाही, शंभरभर. त्या उसाच्या बुडख्यांच्या कापलेल्या टोकांवर माझ्याच दिव्याचा उजेड पडला आहे, हे कळेपर्यंत पाय ब्रेकवर गेला होता. गाडी थांबली तेव्हा ट्रॉली आणि बंपर यांच्यात दोन हातांचं अंतर राहिलं होतं. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. खाली जॅक लावत बसलेला पोरगा उठून म्हणाला, "काका, दिसलं न्हाई व्हय?"

खरंच दिसलं नव्हतं. त्या दिवसानंतर धुक्यातल्या गाडीबद्दल मी नीट विचार करू लागलो. ज्यांनी घाटात ट्रक चालवण्यात उमर घालवली त्यांना विचारलं, थोडं गणितही मांडून पाहिलं. जे हाताशी लागलं ते इथे लिहितो.

आधी धुकं ओळखा, आपल्याकडे दोन तऱ्हेचं असतं

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पडतं ते नदीकाठचं, शिवारातलं धुकं. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि रात्र थंड असली की जमिनीची ऊब वर निघून जाते, जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यातल्या ओलाव्याचे बारीक थेंब होतात. पंचगंगा, भोगावती, कुंभी, कासारी यांची खोरी आणि भोवतीने पाणी पाजलेला ऊस, म्हणजे ओलाव्याला तोटा नाही. हे धुकं सखल भागात साचतं. फुलेवाडीला स्वच्छ दिसत असतं आणि पुलाच्या उतारावर एकदम पांढरी भिंत उभी राहते. दिवस उगवला म्हणजे ते लगेच निघतं, हा समज चुकीचा आहे. सूर्य उगवल्यावर हवा हलू लागते आणि अर्धा-पाऊण तास ते उलट दाट होऊ शकतं. ऊन तापलं की साडेआठ-नऊपर्यंत बहुतेक वेळा विरतं. म्हणून हिवाळ्यातला सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे तासभर उशिरा निघणं. ज्याला शक्य आहे त्याने बाकी काही करण्याआधी हेच करावं.

दुसरं धुकं पावसाळ्यातलं, घाटमाथ्याचं. गगनबावडा, आंबा, आंबोली, फोंडा, पन्हाळा. कोकणातून वर चढणारे ढगच तिथे रस्त्यावर टेकतात. याला सकाळ-दुपार नसते. भर दुपारी दोन वाजता करूळ घाटाच्या तोंडाशी दहा पावलांवरचं दिसत नाही आणि वाऱ्याचा एक झोत आला की दरी स्वच्छ दिसते, मिनिटभरात पुन्हा सगळं बंद. या धुक्यात 'थोडं थांबू, उजाडेल' हे चालत नाही. इथे प्रश्न असा विचारायचा की आज घाट उतरायलाच हवा का. निघण्याआधी माथ्यावरच्या एखाद्या ओळखीच्या हॉटेलवाल्याला फोन करा. "समोरचं झाड दिसतंय का?" एवढं विचारलं तरी पुरतं. पावसाळ्यात दरड पडली आहे का, घाट चालू आहे का, हेही त्याच फोनमध्ये कळतं.

हवामान खात्याच्या मोजमापात १ किलोमीटरपेक्षा कमी दिसू लागलं की धुकं, २०० मीटरच्या आत आलं की दाट, आणि ५० मीटरच्या आत आलं की अति दाट. आपल्या नदीकाठी आणि घाटात बऱ्याचदा या शेवटच्या प्रकाराशीच गाठ असते.

आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटं

पुढची काच आतून पुसा. बाहेरून सगळेच पुसतात, पण धुक्यात त्रास देतो तो आतला तेलकट थर. डॅशबोर्डमधून निघणारी वाफ, श्वास, हाताचे डाग यांनी तो तयार होतो आणि समोरच्या दिव्याचा उजेड त्याच्यावर फुटतो. आधी ओल्या कापडाने, मग कोरड्या जुन्या वर्तमानपत्राने पुसली तर काच लख्ख होते. वायपरचं रबर कडक झालं असेल तर बदला, पाण्याची टाकी भरून ठेवा.

मग घरातल्या कुणाला तरी गाडीच्या मागे उभं करा आणि एकेक दिवा लावून बघा. ब्रेक लाइट, मागचे लाल दिवे, चारही इंडिकेटर. पुढचे दिवे गेले तर आपल्याला चालवतानाच कळतं, मागचा बल्ब गेलेला महिनोन् महिने कळत नाही. धुक्यात आपला जीव त्या मागच्या बल्बवर असतो.

गाडीत टॉर्च, धोक्याचा लाल त्रिकोण आणि एक चमकणारं जॅकेट असू द्या.

दिवे कधी कोणते

धुक्यात अप्पर, म्हणजे लांबवर पडणारा दिवा, लावला की समोर पांढरा पडदा उभा राहतो. थेंब उजेड आपल्याच डोळ्यांवर परत फेकतात. म्हणून डिपरच, म्हणजे खाली जवळ पडणारा दिवा. अंधार वाटला, घाबरायला झालं, तरी डिपरच. फॉग लॅम्प असतील तर तेही लावा. ते बंपरच्या खालच्या बाजूला बसवलेले असतात, कारण त्यांचा उजेड पसरट आणि रस्त्यालगत पडायला हवा. हौसेने छतावर किंवा बॉनेटच्या वर बसवलेले जादा दिवे धुक्यात अप्परचंच काम करतात, ते बंद ठेवा.

पिवळा दिवा धुकं कापतो असं गॅरेजमध्ये हमखास सांगतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे पांढरा काय, पिवळा काय, सगळे रंग सारखेच विखुरतात. पिवळ्याने काहींच्या डोळ्यांना कमी टोचतं, एवढाच फरक. निव्वळ रंगासाठी खर्च करू नका.

आता नव्या गाड्यांमधली एक गोष्ट. दिवसा पुढे आपोआप लागणारे छोटे पांढरे दिवे असतात, ते बघून माणसाला वाटतं की आपले दिवे चालू आहेत. पुष्कळ गाड्यांत त्या वेळी मागचे लाल दिवे बंदच असतात. 'ऑटो' वर ठेवलेले दिवेही धुक्यात फसवतात, कारण सेन्सर उजेड मोजतो आणि सकाळच्या धुक्यात उजेड भरपूर असतो. म्हणून बटण हाताने फिरवून डिपर लावा, म्हणजे मागचे दिवेही लागतील. नुसत्या पार्किंग लाइटवर चालवू नका.

चारही इंडिकेटर चालू ठेवून चालवायची आपल्याकडे सवय पडली आहे. घाटात तर सगळेच लावतात. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. चारही लुकलुकत असले की तुम्ही डावीकडे वळताय की उजवीकडे, हे मागच्याला कळायला मार्ग उरत नाही. शिवाय जी गाडी खरंच बंद पडून उभी आहे, तिच्यात आणि तुमच्यात फरक राहत नाही. ते थांबल्यावर लावा, किंवा पुढे अचानक अडथळा दिसून वेग एकदम कमी करावा लागला तर काही क्षण लावा.

वेग: दिसतं किती आणि थांबतो किती

बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. त्या दीड सेकंदात गाडी त्याच वेगाने पुढे जात असते. त्यानंतर ब्रेकचं अंतर. धुक्याने रस्ता ओला असतो, त्यावर शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची माती पडलेली असते, म्हणजे पकड कमीच धरायची. असा हिशोब केला तर पूर्ण थांबायला लागणारं अंतर अंदाजे असं येतं:

ताशी २० किलोमीटर: ११ ते १२ मीटर
ताशी ३०: २० मीटर
ताशी ४०: ३० मीटर
ताशी ६०: ५० मीटरच्या वर
ताशी ८०: ८० मीटरच्या वर

भरलेल्या गाडीला याहून जास्त लागतं. बालिंग्याला मला तीस-पस्तीस मीटरवर ट्रॉली दिसली आणि मी चाळीसवर होतो. साठवर असतो तर ब्रेक लागायला सुरुवात होईपर्यंतच २५ मीटर संपले असते आणि पन्नासच्या वरच्या वेगाने ट्रॉलीत घुसलो असतो. वीसाचा फरक, बस्स.

आणि माझे चाळीससुद्धा जास्तच होते. ट्रॉली उभी होती म्हणून निभावलं. दुहेरी वाहतुकीच्या अरुंद रस्त्यावर समोरचाही चुकून तुमच्या बाजूला येऊ शकतो, त्यालाही थांबायला जागा लागते. म्हणून अशा रस्त्यावर जेवढं दिसतं त्याच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे. ३० मीटर दिसत असेल तर वेग वीसच्या आतच.

मीटरमध्ये अंदाज येत नसेल तर मोजा. धुक्यातून एखादी पाटी किंवा झाड दिसू लागलं की मनात म्हणा, "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन..." एकेक शब्दाला साधारण एकेक सेकंद लागतो. दुभाजक असलेल्या महामार्गावर तिथे पोहोचायला निदान चार सेकंद लागले पाहिजेत, दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर निदान सहा. त्याआधीच पोहोचलात तर वेग उतरवा आणि पुन्हा मोजा. मधून मधून स्पीडोमीटरकडे नजर टाका. एरवी बाजूने मागे पळणाऱ्या झाडांवरून, घरांवरून आपल्याला वेगाचं भान असतं. धुक्यात ती खूण नाहीशी होते आणि काटा नकळत चढतो.

गाडी रस्त्यावर कुठे ठेवायची

नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर. मधला पट्टा धरून चाललात तर समोरून तोच पट्टा धरून येणाऱ्याशी गाठ पडते. पण पट्टा बघायचा म्हणजे त्याला चिकटायचं असं नव्हे. चाकं पट्ट्यापासून हातभर आत ठेवा, कारण साइडपट्टीवर माणसं असतात. पहाटे आपल्याकडे रस्त्यावर कोण कोण असतं ते आठवा: कॅन लावलेले सायकलवाले, शाळेची पोरं, फिरायला निघालेली म्हातारी माणसं, पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी, काळ्या ट्रॅक पँटमध्ये पळणारी पोरं. पळणाऱ्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पांढरा बनियन घाला, समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेने पळा, कानात गाणी लावू नका आणि दाट धुकं असेल त्या दिवशी तालमीत किंवा मैदानावर व्यायाम करा.

पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून त्याच्यामागे जायचा मोह होतो. बरं वाटतं, कुणीतरी वाट दाखवतंय असं वाटतं. पण तो चुकला तर तुम्हीही चुकता, तो थांबला तर तुम्ही त्याच्यात जाता. दिवे जेमतेम दिसतील एवढं अंतर ठेवा. आणि मागून कुणी चिकटला म्हणून वेग वाढवू नका. जागा मिळाली की त्याला जाऊ द्या.

ओव्हरटेक नाही. गाणी बंद, काच चार बोटं खाली. डोळ्यांना जे दिसत नाही ते कानांना आधी कळतं: ट्रॅक्टरचा ठोका, बैलांच्या घुंगरांचा आवाज, पुलावर पाण्याचा खळखळाट.

काचेवर वाफ धरली तर हात फिरवू नका, तेलकट पट्टे उमटतात. एसी चालू करा, नॉब गरमकडे फिरवा, हवेचा झोत काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत घेण्याचं बटण लावा. एसी हवा सुकी करतो, म्हणून थंडीतही तो चालू हवा. पावसाळ्यात उलटं होतं, आत फार गार केलं की काचेच्या बाहेरून दव धरतं. तेव्हा वायपर मारा आणि आतलं गारपण कमी करा. एसी नसलेल्या जुन्या गाडीत दोन्ही बाजूच्या काचा थोड्या उघड्या ठेवणं हाच मार्ग.

घाटात

उतारावर न्यूट्रल कधीच नाही. दुसरा गिअर, गरज पडली तर पहिला. इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. प्रत्येक वळणाआधी हॉर्न, मग क्षणभर कान देऊन उत्तराचा हॉर्न येतो का ते ऐकायचं. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. वळणावर कठडा दिसला नाही तर तिथे कठडा आहे असं धरून चालू नका, पावसात तो ढासळलेला असू शकतो.

दाजीपूर-राधानगरी पट्ट्यात आणि आजरा-आंबोलीच्या रस्त्यावर गवा आडवा येतो. काळाभोर अंग, धुक्यात तो अगदी जवळ येईपर्यंत नुसती सावली वाटते. एक गेला की मागे कळप असतो. थांबा, दिवा डिपरवरच ठेवा, हॉर्न वाजवून डिवचू नका, सगळे जाऊ द्या.

पावसाळी पर्यटनाला आलेली मंडळी धबधब्याशी, वळणावरच गाडी लावून फोटो काढतात. त्या धुक्यात मागून येणाऱ्या एसटीच्या चालकाला तुमचं लेकरू दिसत नाही. गाडी फक्त वाहनतळावर लावा.

महामार्गावर

पुणे-बेंगळुरू महामार्गावर शिरोलीच्या पुलाचा परिसर आणि नदीनाल्यांजवळचे सखल तुकडे जपून. जिथे रुंदीकरणाचं काम चालू असेल तिथे वळवलेला रस्ता आणि सिमेंटचे ठोकळे अचानक समोर येतात. इथे एक गाडी धडकली की मागून येणाऱ्या एकेक करून आदळत जातात. म्हणून दिसेनासं झालं तर लेनमध्ये थांबायचं नाही आणि साइडपट्टीवरही शक्यतो नाही. हळूहळू पुढे जाऊन पेट्रोल पंप, ढाबा किंवा टोलनाक्याच्या पुढची मोकळी जागा गाठा, चहा घ्या.

गाडी बंदच पडली तर जमेल तेवढी रस्त्याबाहेर काढा. पुढचे-मागचे दिवे बंद करा, नाहीतर रस्ता तिकडेच जातोय असं वाटून मागचा तुमच्यावर येईल. चारही इंडिकेटर चालू. सगळ्यांना डाव्या दाराने उतरवा आणि कठड्याच्या पलीकडे, गाडीपासून लांब उभं करा. थंडी वाजते म्हणून गाडीत बसून राहू नका. धोक्याचा त्रिकोण ठेवायला जाताना रस्त्याबाहेरून चाला आणि तो ५० मीटर तरी मागे ठेवा, महामार्गावर त्याच्या दुप्पट. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितलात तर त्यांना जागा पटकन सापडते.

दुचाकीवाल्यांनी

हेल्मेटच्या काचेवर बाहेरून दव आणि आतून श्वासाची वाफ. काच बोटभर उघडी ठेवा. निघण्याआधी आतून अंगाच्या साबणाचा पातळ हात फिरवून कोरड्या कापडाने पुसलात तर वाफ बराच वेळ धरत नाही. तोंडाला मफलर गुंडाळला असेल तर तो नाकाखाली घ्या, सगळी वाफ तिथूनच वर जाते. काळ्या जर्किनवर चमकणारं जॅकेट चढवा. थांबण्याआधी ब्रेक दोन-तीनदा हलका दाबा, म्हणजे मागचा दिवा लुकलुकेल. डोळ्यांत पाणी आलं, बोटं बधिर झाली की थांबा.

ऊस हंगामात, ट्रॉलीवाल्यांसाठी आणि गाडीवानांसाठी

हे मी मुद्दाम शेवटी घेतलं, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी ट्रॅक्टर आहे. गाळप सुरू झालं की रात्रभर डबल ट्रॉल्या आणि टायरच्या बैलगाड्या कारखान्याकडे चालतात. त्यातच कुठे पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवलेलं असतं. त्याचा धूर धुक्यात मिसळला की रस्त्याचा तो तुकडा पार आंधळा होतो. रस्त्याकडेच्या शेतात पहाटे तरी पाचट पेटवू नका. खरं म्हणजे ते कुट्टी करून रानातच कुजवलं तर जमिनीला लाभ.

ट्रॉलीला मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूला पिवळी रिफ्लेक्टर टेप लागते. मागची टेप दोन्ही टोकांना, पार कडेपर्यंत लावा, म्हणजे मागच्याला ट्रॉलीची रुंदी कळते. मधोमध एकच तुकडा लावला तर लांबून ती मोटारसायकल वाटते. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींना लावा, कारण वाटेत एखादी सोडून जावी लागते. मोळ्या बाहेर लोंबून टेप झाकत नाहीत ना, ते भरल्यावर मागे जाऊन बघा. बैलगाडीला मागच्या दांडीवर टेप आणि बॅटरीचा लुकलुकणारा लाल दिवा बांधा. ट्रॉली पंक्चर झाली तर जॅक काढण्याआधी एका माणसाला टॉर्च देऊन मागे, रस्त्याच्या कडेला उभं करा. रस्त्यात ठेवलेले दगड आणि झाडाच्या फांद्या काम झाल्यावर आठवणीने उचला, त्याच पुढच्या दुचाकीवाल्याचा घात करतात.

त्या पहाटे चाक बसेपर्यंत मीच मागे टॉर्च हलवत उभा राहिलो. तेव्हापासून टेपचा एक रोल गाडीत असतो आणि चहाच्या टपरीवर बिनटेपची ट्रॉली दिसली की चालकाला विचारून तिथेच लावून देतो. पाच मिनिटांचं काम आहे. फक्त आधी पत्रा चांगला पुसून कोरडा करून घ्यायचा. ओल्या, मातकट पत्र्यावर लावलेली टेप दुसऱ्या खेपेलाच सुटते.